रेषांच्या जगात उतरलेली माणसे : कारेल झेमन यांचे दोन साहसपट

जिवंत अभिनेता आणि हाताने घडवलेली आकृती यांना एकाच चौकटीत उभे करणाऱ्या चित्रपटापुढे पहिल्या दृश्यापासून एक अडचण असते. अभिनेत्यावर पडणारा प्रकाश खरा असतो, त्याच्या अंगाला वजन असते, तो चालू लागला की त्याची सावली त्याच्याबरोबर जमिनीवरून सरकते; शेजारच्या चित्राला किंवा बाहुलीला यांपैकी काहीच आपोआप लाभत नाही, आणि त्यामुळे दोघांच्या मधोमध एक सांधा राहतो. हा सांधा प्रेक्षकाला दिसू द्यायचा की नाही, आणि दिसू द्यायचा तर कोणत्या रूपात, यावर अशा चित्रपटाचे यश बव्हंशी ठरते. हॉलिवूडने आपली जवळजवळ सगळी शक्ती तो लपवण्यात खर्च केली. चेकोस्लोव्हाकियातील दिग्दर्शक कारेल झेमन (१९१०-१९८९) यांनी मात्र तीन वर्षांच्या अंतराने प्रदर्शित झालेल्या दोन साहसपटांत या प्रश्नाची दोन परस्परविरुद्ध उत्तरे दिली. त्यांपैकी दुसरे उत्तर अधिक धाडसी आहे, आणि त्याचा अर्थ चित्रपटसृष्टीने अजून पुरता ओळखलेला नाही.

या प्रकाराची वंशावळ जुनी आहे. विन्झर मॅके या अमेरिकी व्यंगचित्रकाराने १९१४ साली ‘गर्टी’ नावाची डायनोसॉर-मादी चौकटीमागून चौकट रेखाटली आणि रंगमंचावर पडद्याशेजारी स्वतः उभे राहून तो तिला आज्ञा देत असे. १९२५ च्या ‘द लॉस्ट वर्ल्ड’मध्ये विलिस ओब्रायन यांनी डायनोसॉरच्या बाहुल्या स्टॉप मोशन पद्धतीने चालवल्या, या पद्धतीत बाहुली किंचित हलवायची, फितीवर एकच चौकट टिपायची, पुन्हा किंचित हलवायची, असे करत जावे लागते, आणि बोलपटाच्या वेगाने अशा चोवीस चौकटी सरकल्या की पडद्यावर एका सेकंदाची हालचाल उभी राहते. सोव्हिएत दिग्दर्शक अलेक्सांद्र प्तुश्को यांनी १९३५ च्या ‘नव्या गलिव्हर’मध्ये एका खऱ्या मुलाला बाहुल्यांच्या लिलिपुटात नेले. हे तत्त्व महाराष्ट्रालाही परके नव्हते: दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी वाटाण्याच्या रोपाची वाढ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपून ‘अंकुराची वाढ’ हा लघुपट तयार केला, तो दाखवून भांडवल देणाऱ्याचा विश्वास मिळवला, आणि पुढे ‘आगकाड्यांची मौज’मध्ये निर्जीव काड्यांना पडद्यावर हालते केले. एकेका चौकटीवर हाताने काम करण्याची जी चिकाटी फाळक्यांपाशी होती, तीच झेमन यांच्या सगळ्या कामाचा पाया आहे.

झेमन चित्रपटाकडे आले ते जाहिरातीच्या वाटेने. ओस्त्रोम्येर्श या बोहेमियातील लहान गावी जन्मलेल्या झेमन यांनी फ्रान्समध्ये जाहिरातकलेचे शिक्षण घेतले, तेथे काही काळ काम केले आणि मायदेशी परतल्यावर ब्रनो शहरात दुकानांच्या दर्शनी काचेमागची सजावट करण्याचा व्यवसाय पत्करला. अशा सजावटींच्या एका स्पर्धेचे चित्रण करायला आलेले दिग्दर्शक एल्मार क्लोस यांनी त्यांचे काम पाहून त्यांना झ्लीन येथील स्टुडिओत येण्याचे सुचवले, आणि १९४३ मध्ये झेमन तेथे रुजू झाले. झ्लीन हे बाटा कंपनीचे गाव. कोलकात्याजवळचे बाटानगर जिने वसवले आणि जिच्या दुकानांतून मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या शाळेचे बूट आले, तीच ही कंपनी. १९३० च्या दशकात तिने आपल्या जाहिरातपटांसाठी शहराबाहेर कुडलोव्ह येथे स्वतःचा स्टुडिओ उभारला होता, आणि राजधानी प्रागपासून दूर असलेल्या या ठिकाणी चेक बाहुलीपटाची एक संपूर्ण परंपरा वाढली. तेथे हेर्मीना तिर्लोवा यांच्या हाताखाली झेमन बाहुल्या हलवायला शिकले. काचेमागच्या सजावटीने त्यांना दिलेली दृष्टी मात्र कायम राहिली: मर्यादित खोलीच्या पेटीत, एकाच बाजूने पाहणाऱ्या डोळ्यासाठी, पुठ्ठा, कापड आणि रंग यांतून एक पूर्ण जग मांडायचे, ही त्यांच्या पुढच्या प्रत्येक चौकटीची रीत आहे.

त्यांच्या पहिल्या लघुपटातच, १९४५ च्या ‘वानोच्नी सेन’ म्हणजे ‘नाताळचे स्वप्न’ या चित्रपटात, नव्या खेळण्यांपुढे टाकून दिलेली चिंध्यांची बाहुली एका खऱ्या मुलीच्या स्वप्नात जिवंत होते. पुढच्याच वर्षी कान महोत्सवात त्याला पारितोषिक मिळाले. १९४९ च्या ‘इन्स्पिरात्से’ या लघुपटात त्यांनी काचेच्या मूर्ती हलवल्या, आणि काच थंड झाल्यावर वाकत नाही हे लक्षात घेतले म्हणजे या हट्टाची जात कळते.

१९५५ साली आलेला ‘त्सेस्ता दो प्राव्येकू’, म्हणजे ‘आदिकाळाकडे प्रवास’, हा त्यांचा पहिला मोठा मिश्रपट. यिर्का नावाच्या लहान मुलाला ट्रायलोबाइट या प्राण्याचा जीवाश्म सापडतो. ट्रायलोबाइट हे खंडमय कवच असलेले समुद्री जीव सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी अवतरले आणि सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी समूळ नष्ट झाले. यिर्काला तो जिवंत पाहायचा असतो, म्हणून तो आणि त्याचे तीन मोठे सोबती एका गुहेतून नावेने एका नदीवर येतात, आणि जसजसे ते पुढे वल्हवतात तसतसा काळ मागे जात राहतो: आधी हिमयुगातले मॅमथ आणि लोकरी गेंडे, मग सस्तन प्राण्यांचे पूर्वीचे युग, मग डायनोसॉर, मग दगडी कोळसा ज्यांच्यापासून बनला ती दलदलीची अरण्ये, आणि शेवटी जीवसृष्टीचा आरंभ जेथे झाला तो समुद्र. चेक मुलाने नेमक्या ट्रायलोबाइटचा ध्यास घ्यावा याला स्थानिक कारण आहे. प्रागच्या आसपासचे खडक या जीवाश्मांसाठी जगप्रसिद्ध असून एकोणिसाव्या शतकात योआखिम बाराँद या फ्रेंच अभ्यासकाने आपले आयुष्य त्यांच्या वर्णनात घालवले. ज्या परिसराला त्याचे नाव देऊन बारांडोव्ह म्हटले गेले, तेथेच पुढे देशातील सर्वांत मोठा चित्रपट स्टुडिओ उभा राहिला.

चित्रपटातील प्राण्यांची रूपे झ्देन्येक बुरियान यांच्या चित्रांवर आधारलेली आहेत. पुराजीवशास्त्रज्ञ योसेफ आउगुस्ता यांच्या सल्ल्याने बुरियान यांनी काढलेली नामशेष प्राण्यांची चित्रे जगभरच्या मुलांच्या पुस्तकांत गेली, आणि आउगुस्ता हेच या चित्रपटाचेही शास्त्रीय सल्लागार होते. येथे झेमन यांचा सगळा प्रयत्न सांधा नाहीसा करण्याकडे आहे आणि त्यासाठी त्यांनी निवडलेले साधन कथेतूनच आलेले आहे. चौकटीचा एक भाग झाकून उरलेल्या भागात मुलांचे चित्रण करायचे, मग फीत मागे फिरवून झाकलेला भाग उघडायचा आणि त्यात बाहुल्यांचे दृश्य टिपायचे, या पद्धतीला मॅट किंवा मुखवटा-चित्रण म्हणतात. तिच्यात दोन भागांना जोडणारी रेषा कुठे लपवायची हा खरा प्रश्न असतो. नदीमुळे तो बराच सुटतो. मुले नावेत असतात, प्राणी पलीकडच्या काठावर असतात, आणि काठाची नैसर्गिक कडा हीच मुखवट्याची कडा होऊ शकते. पाण्यावरून पाहणाऱ्याला किनारा नेहमीच थोडा दूरचा आणि थोडा अनोळखी वाटतो, त्यामुळे दोन चित्रणांतला फरक अंतराचा फरक म्हणून डोळा स्वीकारतो.

या चित्रपटाचे मर्म मात्र एका वेगळ्या प्रसंगात आहे. रात्री एका शिकारी डायनोसॉरशी झुंजून स्टेगोसॉरस हा पाठीवर हाडांची तकटे असलेला अजस्र शाकाहारी प्राणी मरून पडतो, आणि सकाळी मुले त्याच्याजवळ जातात, त्याला हात लावतात, निरखतात, नोंद करतात. रात्रीची झुंज बाहुल्यांची आहे. सकाळचे धूड पूर्ण आकाराचे, स्टुडिओत उभारलेले आहे. ज्या आकृतीला प्रेक्षकाने आतापर्यंत केवळ दुरून पाहिले, तिला एका मुलाचा तळहात टेकतो तेव्हा आधीच्या सगळ्या बाहुल्यांना उशिराने वजन प्राप्त होते. अद्भुत गोष्ट समोर आल्यावर किंचाळत पळण्याऐवजी ती मोजावी आणि वहीत लिहून ठेवावी, ही या मुलांची वृत्ती बालपटांत फार दुर्मीळ आहे, आणि मुलांच्या बुद्धीविषयी झेमन यांना किती आदर होता याचा तो पुरावा आहे. पुढे अमेरिकेत हा चित्रपट नवी सुरुवात जोडून आणि इंग्रजी संवाद चढवून दाखवला गेला.

तरीही या उत्तराला एक मर्यादा आहे. जो चित्रपट ‘हे असेच होते’ असा दावा करतो, त्याचा दावा ज्ञानाबरोबर जुना होत जातो. आज डायनोसॉरांची ठेवण, त्यांची शेपटी, त्यांची चपळाई यांविषयीचे शास्त्र पार बदलले आहे आणि बाहुल्यांच्या हालचालीतला किंचित अडखळलेपणा सरावलेल्या डोळ्याला लगेच दिसतो. चित्रपटावरचे प्रेम त्यामुळे कमी होत नाही, पण तो ज्या काळात झाला त्या काळाची जाणीव सतत सोबत राहते.

१९५८ च्या ‘विनालेझ स्काझी’ या चित्रपटात, म्हणजे ‘विनाशकारी शोध’ या अर्थाच्या नावाच्या साहसपटात, झेमन यांनी याच्या नेमके उलट केले. मूळ कथा ज्यूल व्हर्न यांच्या १८९६ च्या एका कादंबरीतली आहे. भा. रा. भागवत यांच्या अनुवादांमुळे व्हर्न मराठी मुलांच्या घरचे झाले असले, तरी ज्या रूपात एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वाचकाने त्यांना पाहिले ते रूप शब्दांइतकेच चित्रांचेही होते. प्रकाशक एत्सेल यांच्या आवृत्त्यांत एदुआर रियू, लेओं बेनेत आदी चित्रकारांची काष्ठकोरीव चित्रे असत. कठीण लाकडाच्या आडव्या छेदावर बारीक हत्यारांनी कोरून, उंच राहिलेल्या भागावर शाई लावून ही चित्रे छापली जात. या तंत्रात करडा रंग मुळात नाही. काळे आणि पांढरे एवढेच आहे, आणि ढगाचा मऊपणा, लोखंडाची चकाकी, खोल पाण्याचा अंधार हे सगळे समांतर रेषांच्या दाटीतून आणि विरळपणातून भासवावे लागते.

झेमन यांनी ठरवले की चित्रपटाचे जग या रेषांचेच असेल. भिंती, यंत्रे, जहाजे आणि आकाश यांवर कोरीव चित्रासारख्या रेषा रंगवल्या गेल्या, पोशाखही त्यांच्याशी जुळवून घेतले गेले, आणि अभिनेत्यांना जपून, मोजक्या हालचालींत, बरेचदा पुस्तकातल्या आकृतीसारखे स्थिर उभे केले गेले. आधीच्या चित्रपटात बाहुलीला माणसाच्या जगात सामावून घ्यायचे होते. येथे माणसाला चित्राच्या जगात नेले आहे. रंगवलेले पडदे, कापून काढलेल्या चपट्या आकृती, लहान प्रतिकृती, स्टॉप मोशन, एकावर एक घेतलेली चित्रणे आणि खरा अभिनेता, अशी पाच-सहा माध्यमे कित्येकदा एकाच चौकटीत नांदतात. प्रेक्षकाला ती सगळी दिसतात. फसवणूक कुठेच नाही, आणि तरी विश्वास बसतो, कारण चौकटीतली प्रत्येक गोष्ट एकाच रेषेच्या नियमाने बांधलेली आहे. रेखाटलेल्या जहाजाखाली खऱ्या पाण्याची लाट हलते तेव्हा ती लाट खोटी वाटत नाही आणि जहाजही खोटे वाटत नाही. छापील चित्रातला समुद्र एकाएकी हलू लागला असे वाटते. पुस्तकातले चित्र हे चित्र आहे हे ठाऊक असूनही त्यात शिरणे मुलाला जड जात नाही, आणि झेमन यांनी ही क्षमता प्रौढ प्रेक्षकाकडूनही मागितली व ती त्यांना मिळाली.

कथा थोडक्यात अशी: प्रचंड शक्तीच्या स्फोटकावर काम करणारे प्राध्यापक रोश आणि त्यांचा तरुण साहाय्यक अभियंता सिमॉन हार्ट यांना काउंट अर्तिगास नावाचा धनाढ्य चाचा पळवून नेतो. त्याच्यापाशी पाणबुडी आहे, जहाजांना पाण्याखालून धडक देऊन तो ती लुटतो, आणि ज्वालामुखीसारख्या दिसणाऱ्या एका बेटात त्याचा अड्डा आहे. प्राध्यापकाला पैसा आणि प्रयोगशाळा मिळाल्यावर तो आपला शोध कोणाच्या हाती पडतो आहे याचा विचार न करता कामात बुडून जातो. हार्ट मात्र जगाला सावध करण्याची धडपड करतो. सुरुवातीच्या प्रवासात आगगाड्या, वाफेची जहाजे, पायडल मारून चालवायची उडती यंत्रे आणि हवाई जहाजे यांची एक मिरवणूकच पडद्यावरून जाते. पुढे पाणबुडे समुद्रतळावर सायकलीसारखी वाहने चालवतात आणि तेथेच एकमेकांशी झुंजतात. या यंत्रांवर झेमन यांचे मनापासून प्रेम आहे. झ्देन्येक लिश्का यांचे संगीतही घड्याळाच्या चाकांसारखे टकटकत त्या यंत्रांच्या लयीत चालते. परंतु याच यंत्रांनी जहाज बुडते तेव्हा आतली माणसे मरतात हेही चित्रपट दाखवतो, आणि प्रगतीचा आनंद व प्रगतीची भीती एकाच रेषेने रेखाटलेली असल्यामुळे एकातून दुसरे कधी सुरू झाले हे कळत नाही.

या कादंबरीमागे एक खटलाही आहे. मेलिनाइट या स्फोटकाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते फ्रेंच रसायनतज्ज्ञ यूजेन तुर्पें यांना रोशच्या वेडसर व्यक्तिरेखेत आपलीच बदनामी दिसली आणि त्यांनी व्हर्न यांना न्यायालयात खेचले. व्हर्न यांची बाजू पुढे फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष झालेले रेमाँ प्वाँकारे यांनी मांडली आणि निकाल व्हर्न यांच्या बाजूने लागला. कादंबरीत रोशचे मन पालटते ते मायदेशाचा ध्वज दिसल्यावर. हिरोशिमानंतर तेरा वर्षांनी चित्रपट करणाऱ्या झेमन यांनी ही राष्ट्राभिमानाची कळ बाजूला ठेवली आणि प्राध्यापकाला आपल्या शोधाच्या परिणामाची जाणीव होणे हेच निर्णायक ठरवले. लष्करी गटांत विभागलेल्या युरोपात, पूर्वेकडच्या एका देशातल्या राज्याच्या मालकीच्या स्टुडिओने, मुलांसाठी म्हणून केलेल्या चित्रपटात शास्त्रज्ञाची जबाबदारी कोणत्याही ध्वजाशी बांधली नाही, ही गोष्ट लहान नाही.

चित्रपट निर्दोष नाही. मध्यंतरीचा बेटावरचा भाग रेंगाळतो, आणि बुडालेल्या जहाजातून वाचलेली याना ही एकमेव महत्त्वाची स्त्री-व्यक्तिरेखा असूनही तिला करण्यासारखे फार थोडे दिले आहे. अभिनय कोरडा आहे हा नेहमीचा आक्षेप मात्र मान्य करता येत नाही: लुबोर तोकोश यांनी हार्टच्या भूमिकेत भावनांचा पसारा मांडला असता, तर भोवतालच्या रेषा तत्काळ निर्जीव ठरल्या असत्या. १९५८ च्या ब्रुसेल्स जागतिक प्रदर्शनातील महोत्सवात या चित्रपटाला सर्वोच्च पारितोषिक मिळाले, १९६१ मध्ये तो अमेरिकेत प्रदर्शित झाला, आणि चेक चित्रपटांपैकी जगात सर्वाधिक पोहोचलेल्यांत त्याची गणना होते. पुढे झेमन यांनी गुस्ताव्ह दोरे यांच्या चित्रांच्या शैलीत थापाड्या बॅरन मुंखहाउसेनवर ‘बारोन प्राशिल’ केला आणि १९७० मध्ये व्हर्न यांच्याच कादंबरीवरून ‘ना कोमेत्ये’, म्हणजे ‘धूमकेतूवर’. दोन्हींत ही पद्धत अधिक मोकळी आणि रंगीत झाली, पण तिचा कस ‘विनालेझ स्काझी’मध्येच लागला. टेरी गिल्यम यांनी १९८८ मध्ये मुंखहाउसेनवर स्वतःचा चित्रपट केला, आणि त्यांनी व टिम बर्टन यांनी झेमन यांचे ऋण उघडपणे सांगितले आहे.

सांधा लपवण्याची विद्या दरम्यान कितीतरी पुढे गेली. १९६४ च्या ‘मेरी पॉपिन्स’ने सोडियम दिव्यांच्या पिवळ्या पडद्यापुढे अभिनेत्यांचे चित्रण करून त्यांना चित्रातल्या पेंग्विनांबरोबर नाचवले, १९८८ च्या ‘हू फ्रेम्ड रॉजर रॅबिट’मध्ये रिचर्ड विल्यम्स यांच्या चमूने रेखाटलेल्या सशावर खोलीतल्या दिव्याप्रमाणे हलणाऱ्या सावल्या घातल्या, आणि आता संगणकाने तो सांधा इतका पुसला आहे की तेथे काही जोडलेले आहे हेही जाणवत नाही. या सगळ्यांत कौशल्य आहे, ‘रॉजर रॅबिट’मध्ये तर प्रतिभाही आहे. तथापि खऱ्यासारखे दिसणे हेच ज्याचे ध्येय, त्याला पुढचे तंत्र नेहमी मागे टाकते, आणि दहा वर्षांपूर्वीचा महागडा संगणकी राक्षस आज ओशाळवाणा दिसतो. कोरीव रेषांचा समुद्र १९५८ मध्ये जितका खरा होता तितकाच आज आहे, कारण त्याने खऱ्या समुद्राशी स्पर्धा कधी मांडलीच नव्हती.

प्रागमध्ये चार्ल्स पुलाजवळ २०१२ पासून झेमन यांच्या नावाचे संग्रहालय आहे, तेथे मुलांना ही दृश्ये स्वतः घडवून पाहता येतात. त्याच संग्रहालयाच्या पुढाकाराने मुख्य चित्रपटांचे संगणकीय पुनरुज्जीवन झाले असून स्वच्छ प्रती आज उपलब्ध आहेत. महाराष्ट्रातील फिल्म सोसायट्यांनी आणि शाळांनी येत्या सुट्टीत या प्रती मिळवून मुलांना दाखवाव्यात. चेक संवादांखालची इंग्रजी उपशीर्षके लहानांना झेपणारी नाहीत, म्हणून पडद्याशेजारी उभे राहून मराठीत गोष्ट सांगत जाणारी एक व्यक्ती नेमावी. चित्रे इतकी बोलकी आहेत की तिला फार बोलावे लागणार नाही. पहिल्या दिवशी ‘त्सेस्ता दो प्राव्येकू’, दुसऱ्या दिवशी ‘विनालेझ स्काझी’, याच क्रमाने दाखवावेत, आणि नंतर मुलांपुढे पुठ्ठा, कात्री व काळी शाई ठेवावी.